शाल-श्रीफळाआधी हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये रायपूर येथे ज्येष्ठ हिंदी लेखक विनोदकुमार शुक्ल यांना त्यांच्या प्रकाशकाने एका कादंबरीच्या स्वामित्वधनापोटी ३० लाख रुपयांचा धनादेश दिला. शुक्ल तेव्हा ८८ वर्षांचे होते. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही ती कादंबरी १९९७ सालची. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळूनही पाव शतक उलटले होते. २०२२ मध्ये याच शुक्लांनी आपल्या पुस्तकांपोटी वर्षाकाठी किती तुटपुंजी रक्कम हाती पडते, हे जाहीरपणे सांगितले होते, तेव्हा हिंदी जगतात मोठी खळबळ उडाली होती. ज्ञानपीठ सन्मान त्यांना मिळाला तो २०२५ मध्ये आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

लेखक तोच, कादंबरी तीच, भाषाही तीच. बदलला तो प्रकाशक आणि बदलला तो हिशेब. भारतीय भाषांत गंभीर साहित्याला वाचक नाहीत, त्यामुळे लेखकाला काही देता येत नाही, हे आपण इतकी वर्षे ऐकत आलो. मीही ते बरेचसे खरे मानत असे. रायपूरच्या त्या धनादेशाने निदान एवढे तरी सांगितले की, वाचक कदाचित होते. त्यांची मोजदाद नीट होत नव्हती, किंवा पुस्तक त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते.

शुक्ल ज्या राजनांदगावात जन्मले, तेथेच १९५८ पासून दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. मराठी वाचकांना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. मुक्तिबोधांच्या घरची भाषा मराठी आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतील मान्यवर कवी. तरुण शुक्लांना कवितेची वाट दाखवणाऱ्यांत मुक्तिबोध होते. पण मुक्तिबोधांचे स्वतःचे आयुष्य म्हणजे नोकऱ्यांची मालिका होती. शाळा, नियतकालिके, नागपूरचे आकाशवाणी केंद्र, पुन्हा नियतकालिक आणि अखेरीस ते महाविद्यालय. त्यांनी लिहिलेल्या भारताच्या इतिहासावरील पाठ्यपुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. पाठ्यपुस्तक हे अशा लेखकाच्या उत्पन्नाचे एक भरवशाचे साधन असते, हे लक्षात घेतले म्हणजे या बंदीचा दुसरा घावही कळतो. ११ सप्टेंबर १९६४ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी ते गेले. आज आधुनिक हिंदी कवितेचा कळस मानला जाणारा त्यांचा पहिला स्वतंत्र संग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला.

गुरूला आपले पुस्तक पाहायला मिळाले नाही आणि शिष्याला आपल्या पुस्तकाचे मोल ८८ व्या वर्षी कळले. या दोन आयुष्यांमध्ये स्वतंत्र भारताच्या साहित्यव्यवहाराचा जवळजवळ सारा इतिहास येतो. या काळात आपण अकादम्या स्थापन केल्या. साहित्य अकादमी १९५४ ची. ती आज २४ भाषांत पुरस्कार देते. १९६५ पासून ज्ञानपीठ दिले जाते. २०११ पासून पस्तिशीच्या आतील लेखकांसाठी युवा पुरस्कारही आहे. सन्मानाची ही व्यवस्था आपण बऱ्यापैकी उभी केली. पण लेखक रोज जगतो कसा, हा प्रश्न आपण सार्वजनिक धोरणाचा विषय कधी मानला नाही.

त्याचे उत्तर परस्पर मिळत गेले. भारतीय साहित्याचा सर्वांत मोठा आश्रयदाता म्हणजे महिन्याचा पगार. शुक्ल स्वतः कृषी विद्यापीठात शिकवत होते. तळमजल्यावर नोकरी आणि माडीवर कविता, अशी ही रचना. तिच्यामुळे पुष्कळ चांगले साहित्य निर्माण झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तिची किंमतही असते. तमिळ कादंबरीकार पेरुमल मुरुगन हे सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापक. त्यांच्या एका कादंबरीवरून गावात वादळ उठले, तेव्हा जानेवारी २०१५ मध्ये जिल्हा प्रशासनाने बोलावलेल्या ‘शांतता बैठकी’त त्यांच्याकडून बिनशर्त माफी लिहून घेण्यात आली. त्यानंतर आपल्यातला लेखक मेला, असे त्यांनी जाहीर केले. पुढे जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो समझोता बंधनकारक नसल्याचा निर्वाळा दिला आणि मुरुगन पुन्हा लिहू लागले. ज्याची चूल सरकारी वेतनावर पेटते, त्याला प्रशासनासमोर बसवणे किती सोपे असते, हे त्या बैठकीने दाखवले.

पण ज्यांना असा पगारही नाही, त्यांचे काय? मनोरंजन ब्यापारी हे फाळणीत उखडल्या गेलेल्या दलित कुटुंबातले. शाळा त्यांना लाभली नाही. अक्षरे ते तुरुंगात शिकले. पुढे कोलकात्यात ते रिक्षा ओढत आणि मिळेल ते वाचत. १९८०-८१ च्या सुमारास एके दिवशी रिक्षात बसलेल्या एका प्राध्यापक बाईंना त्यांनी वाचनात अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारला. शब्द होता ‘जिजीविषा’ आणि त्या बाई होत्या महाश्वेतादेवी. त्यांनी अर्थ सांगितला आणि आपल्या ‘बर्तिका’ या नियतकालिकासाठी लिहायला सांगितले. त्यानंतरही ब्यापारींनी वर्षानुवर्षे अंध-मूकबधिर मुलांच्या शाळेत स्वयंपाकी म्हणून शेकडो मुलांचा स्वयंपाक केला. त्यांचे आत्मचरित्र गाजले, पुरस्कार मिळाले, २०२१ मध्ये ते पश्चिम बंगालच्या विधानसभेवर निवडूनही गेले. बेबी हालदार यांची कहाणीही अशीच. दिल्लीजवळच्या गुडगावात त्या ज्यांच्याकडे घरकाम करत, ते प्रबोध कुमार हे निवृत्त प्राध्यापक आणि प्रेमचंदांचे नातू होते. त्यांनी बेबींच्या हाती वही-पेन दिले आणि त्यातून ‘आलो आँधारि’ हे आत्मकथन आकाराला आले.

या कहाण्या आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. मला मात्र त्या वाचताना अस्वस्थता येते. त्या दिवशी महाश्वेतादेवी दुसऱ्या रिक्षात बसल्या असत्या तर? बेबी हालदार यांना काम शेजारच्या घरी मिळाले असते तर? देशातल्या किती रिक्षांत आणि किती स्वयंपाकघरांत असे लेखक अनोळखी राहून गेले, याची नोंद कोठेच असणार नाही. एखाद्या समाजात लेखक होणे हे योग्य उतारू भेटण्यावर अवलंबून असेल, तर तेथील साहित्य ज्या थोड्यांना दार उघडले त्यांचेच असते.

चित्रकलेत हे अंतर अधिकच उघडे पडते. भोपाळच्या भारत भवनासाठी चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या चमूने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मध्य प्रदेशातील आदिवासी गावे पालथी घातली. पाटनगढ या गोंड खेड्यात त्यांना जनगढसिंह श्याम हा तरुण भेटला. काही वर्षांतच त्याची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली आणि भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतींवर चढली. त्याच्या मागोमाग गावातील कितीतरी जण भोपाळला आले. त्याचा पुतण्या भज्जू श्याम रात्रपाळीचा पहारेकरी होता. आज तो ‘पद्मश्री’ आहे. एका माणसाने एक आख्खी चित्रपरंपरा कागदावर आणली. परंतु २००१ च्या जुलैमध्ये, करारावर चित्रे काढण्यासाठी जपानमधील एका संग्रहालयात गेलेल्या जनगढसिंह यांनी तेथेच आयुष्य संपवले. मुक्काम वाढवला गेला होता आणि त्यांना घरी परतायचे होते, असे तेव्हा त्यांच्या पत्रांच्या आधारे सांगितले गेले. कराराची भाषा न जाणणारा कलावंत परदेशी पाठवताना त्याच्या अटी कोणी वाचल्या होत्या, हा प्रश्न आजही बोचतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वासुदेव गायतोंडे गेले. नागपुरात जन्मलेला, मुंबईत घडलेला हा चित्रकार अखेरची अनेक वर्षे दिल्लीत निजामुद्दीनच्या एका लहानशा बरसातीत एकांतात राहिला. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, मुंबईतील एका लिलावात त्यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. चित्र घेणाऱ्याने ते जपले, त्याचे त्याला फळ मिळाले. त्यात गैर काही नाही. पण अशा पुनर्विक्रीत चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा असावा, हे आपल्या कायद्याने कधीच मान्य केले आहे. स्वामित्व हक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आले. मूळ चित्र, शिल्प किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर निर्मात्याला त्यात वाटा मिळावा, तो दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे हे कलम सांगते. वाटा किती, हे ठरवण्याचे काम आधी स्वामित्व हक्क मंडळाकडे होते. ते मंडळ २०१७ मध्ये दुसऱ्या एका अपील मंडळात विलीन झाले आणि २०२१ मध्ये ते अपील मंडळही बरखास्त झाले. आता त्यासाठी व्यापारी न्यायालयाची पायरी चढावी लागते. पाटनगढहून आलेला चित्रकार ती कशी चढणार? लिलावांच्या विक्रमांच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत या कलमाचा उल्लेख सहसा नसतो.

मनात आले तर संसद किती वेगाने हलू शकते, याचेही उदाहरण आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या साहित्यावरील हक्कांची ५० वर्षांची मुदत १९९१ अखेर संपणार, हे लक्षात येताच ती ६० वर्षांवर नेण्यात आली. २०१२ मध्ये चित्रपटांचे गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनाचा असा हक्क मिळाला की, निर्मात्याने सही घेतली तरी तो लिहून देता येत नाही. त्यासाठी जावेद अख्तर यांच्यासारखा नामवंत गीतकार राज्यसभेत होता. पुस्तकांच्या लेखकासाठीही कायदा अगदीच मुका नाही. हक्क हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांचीच धरावी, अशी त्यात तरतूद आहे. पण किती लेखकांनी आपला करार वाचलेला असतो, आणि किती जणांकडे मुळात लेखी करार असतो?

या हक्कांच्या जागी आपण अनुदाने ठेवली आहेत. केंद्राची ज्येष्ठ कलावंतांसाठीची योजना दरमहा कमाल ६ हजार रुपये देते. अट अशी की, वय ६० च्या पुढे असावे आणि वार्षिक उत्पन्न ७२ हजारांहून अधिक नसावे. आयुष्यभर गायलेल्या-लिहिलेल्या माणसाने म्हातारपणी आपल्या दारिद्र्याचा दाखला जोडायचा, असे हे गौरवाचे स्वरूप. दुसऱ्या टोकाला, २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-युवा’ योजनेत तिशीच्या आतील ७५ लेखकांना सहा महिने दरमहा ५० हजार रुपयांची शिष्यवृत्ती देण्यात आली. रक्कम उमेदवार लेखकाला खरोखर मोकळा वेळ देणारी आहे, आणि त्याबद्दल योजनेचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु विषय सरकार ठरवणार. पुरस्कारांकडे पाहण्याची दृष्टीही तीच. जुलै २०२३ मध्ये संसदेच्या एका स्थायी समितीने अशी शिफारस केली की, पुरस्कार परत करणार नाही असे हमीपत्र तो स्वीकारणाऱ्याकडून आधीच घ्यावे. दान देणारा अटी घालतोच. हक्काचे तसे नसते. तो मिळवण्यासाठी कोणाच्या मर्जीत राहावे लागत नाही.

दुसरा मार्ग असू शकतो, हे स्वातंत्र्याच्याही आधी केरळात दिसले होते. १९४५ मध्ये कोट्टायम येथे बारा लेखकांनी १२० रुपयांच्या भांडवलावर साहित्य प्रवर्तक सहकारी संस्था काढली. समीक्षक एम. पी. पॉल तिचे पहिले अध्यक्ष. कथाकार आणि शाळामास्तर कारूर नीलकंठ पिळ्ळै तिचे चिटणीस. संस्थेने लेखकाला पुस्तकाच्या किमतीच्या ३० टक्के स्वामित्वधन दिले. अन्यत्र दहा टक्केही कटकटीने मिळत असताना हे घडत होते. त्याच वर्षी पी. एन. पणिक्कर यांची ग्रंथालय चळवळ उभी राहिली आणि खेडोपाडी पुस्तक विकत घेणारी वाचनालये झाली. लेखकांची संस्था आणि वाचकांची संस्था यांची सांगड पडली. पुढे सहकारी संस्थेची पीछेहाट झाली, खासगी प्रकाशक पुढे गेले, हे खरे. पण मल्याळी लेखकाला आपल्या पुस्तकाचा हिशेब मागण्याची सवय लागली. ज्या महाराष्ट्राने साखर आणि दूध यांत सहकाराचे धडे देशाला दिले, तेथील वाचकांना या प्रयोगाचे मर्म वेगळे सांगायला नको.

मग करायचे काय? माझ्या मते मागण्या मोठ्या नाहीत. किती प्रती छापल्या आणि किती विकल्या, याचे वार्षिक विवरणपत्र लेखकाला देणे प्रकाशकावर बंधनकारक असावे. निदान ज्यांची पुस्तके सरकारी पैशातून ग्रंथालयांसाठी खरेदी होतात, त्यांच्यावर तरी ही अट आजच घालता येईल. राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानासारख्या संस्थांना त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. पुनर्विक्रीतील वाट्याचा दर नियमाने ठरवून तो लिलावाच्या वेळीच कापून घ्यावा. ब्रिटनमध्ये १९७९ पासून ग्रंथालयातून पुस्तक वाचायला दिले गेले की लेखकाला त्याचा मोबदला मिळण्याची तरतूद आहे. तिचा अभ्यास आपण करावा. आणि अकादम्यांनी पुरस्कार समारंभाइतकाच उत्साह लेखकांसाठी नमुना करार आणि कायदेशीर सल्ला यांत दाखवावा.

यातून मुक्तिबोध निर्माण होणार नाहीत, असे कोणी म्हणेल. बरोबरच आहे, धोरणातून प्रतिभा जन्मत नाही. मात्र असलेली प्रतिभा वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, पुस्तकाआधीच, विझू नये, एवढी काळजी धोरण घेऊ शकते. आज एखाद्या जिल्ह्याच्या गावी पहिला संग्रह जुळवत बसलेली कवयित्री शाल-श्रीफळाची वाट पाहत नसेल. तिने प्रकाशकाशी जो करार केला, किंवा जो झालाच नाही, तो आपल्यापैकी कोणी वाचला आहे का, हे आपण विचारले पाहिजे.