विश्लेषण : ६ किलोच्या शिट्झूचे बिल ३० किलोच्या लॅब्राडॉरपेक्षा जास्त का?

पुणे, ठाणे, नाशिकसारख्या शहरांत पेट ग्रूमिंगच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. एकाच रस्त्यावर एक दुकान कुत्र्याच्या आंघोळीचे ५०० रुपये घेते, तर दुसरे १,५०० सांगते. ग्राहकाला दुसरा महागडा वाटतो आणि नव्याने दुकान थाटणाऱ्याला पहिल्यापेक्षा ५० रुपये कमी लावण्याचा मोह होतो. गफलत इथेच होते. ग्रूमिंगचा दर नेमका कसा ठरवायचा?

वजन महत्त्वाचे की वेळ?

वेळ. लॅब्राडॉर थोराड असला तरी त्याचे केस आखूड असतात. आंघोळ, ब्लोअरने वाळवणे, गळणारे केस विंचरून काढणे, नखे कापणे, कान पुसणे एवढ्यावर काम भागते. शिट्झूचे केस मात्र सतत वाढतात आणि रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या जटा होतात. त्या सोडवणे, डोळ्यांभोवती व पंजांमध्ये कात्री चालवणे हे जपून करायचे काम. म्हणून प्राणी लहान, पण वेळ जास्त.

एका तासाची किंमत कशी काढायची?

उदाहरणादाखल एका टेबलाचे छोटे दुकान घेऊ. महिन्याचे भाडे २० हजार, मदतनिसाचा पगार १५ हजार, वीज-पाणी ६ हजार, यंत्रांची देखभाल, क्लिपरच्या पात्यांना धार लावणे वगैरे ४ हजार. एकूण ४५ हजार. मालकाने स्वतःची मेहनत ३० हजार धरली, तर महिन्याला ७५ हजार रुपये निघायला हवेत.

दुकान २६ दिवस, रोज ८ तास उघडे असेल तर २०८ तास होतात. पण त्यात फोन, साफसफाई, उशिरा येणारे ग्राहक आणि रिकामा वेळही असतो. प्रत्यक्ष कामाचे ६० टक्के, म्हणजे सुमारे १२५ तास धरले तर एका तासाची किंमत ६०० रुपये येते. अनेक जण २०८ ने भागतात. मग तास ३६० रुपयांना पडल्यासारखा वाटतो आणि दोन तासांच्या कामात ४८० रुपयांची खोट बसते.

मग दरपत्रक कसे दिसेल?

शिट्झूचे पूर्ण ग्रूमिंग दोन तासांचे : १,२०० रुपये, शॅम्पू-कंडिशनरचे ८०, वर १५ टक्के नफा. दर सुमारे १,४७० रुपये. लॅब्राडॉरला सव्वा तास : ७५० रुपये, शॅम्पू जास्त लागतो म्हणून १२०, नफ्यासह सुमारे १,००० रुपये. आखूड केसांच्या देशी कुत्र्याला ४० मिनिटे : ४०० रुपये, शॅम्पूचे ६०, नफा धरून साधारण ५३० रुपये. गाव, भाडे आणि हात बदलला की आकडे बदलतील. पद्धत तीच राहते.

जादा आकार कशाचा घ्यावा?

जटा, गोचीड आणि घरपोच सेवा यांचा. गोचिडी निघाल्या तर पुढच्या प्राण्याआधी टेबल, टॉवेल व अवजारे निर्जंतुक करावी लागतात. पावसाळ्यात गोचिडींचा त्रास वाढतो आणि दाट केस वाळायलाही वेळ लागतो. घरी जाऊन सेवा देताना वाहतुकीत गेलेला तासही कामाचाच असतो. मात्र हा आकार आधी सांगायला हवा. प्राणी टेबलावर घेण्यापूर्वी मालकासमोर केसांतून कंगवा फिरवून दाखवला, तर नंतर बिलावरून वाद होत नाही.

स्वस्त दराचा धोका कोणाला?

आधी प्राण्याला. दर पडला की दिवसाला जास्त कुत्री घ्यावी लागतात आणि घाई होते. घाईत नख खोलवर कापले की रक्त येते, तापलेल्या पात्याने कातडी भाजते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गरम हवेत श्वास घेणे जड जाते. त्यांना वाळवताना मध्ये विश्रांती द्यावी लागते आणि ती मिनिटे दरात धरलेली असावी लागतात.

जीएसटीचे काय?

सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल महाराष्ट्रात २० लाख रुपयांपुढे गेली की नोंदणी करावी लागते. पशुवैद्यकीय दवाखान्यांना मिळणारी करमाफी उपचारांसाठी आहे, आंघोळ-केशकर्तनासाठी नाही. दुसरे टेबल टाकताना हा हिशेब आधीच करावा.

ग्राहकाने काय विचारावे?

किती वेळ लागेल, दरात नखे व कान धरले आहेत का, जटा निघाल्यास किती जादा, हे तीन प्रश्न. आणि ग्रूमरने लसीकरणाचे कार्ड मागितले तर नाराज होऊ नये. रेबीजची लस टोचलेली आहे की नाही हे न पाहता कोणताही प्राणी टेबलावर घेणारे दुकान ५०० रुपयांतही महागच पडते.