कामिकाझे : शब्द आणि हिशेब

भोपाळकर वाचकाला बैरागढ ठाऊक आहे ते सिंधी बांधवांची वस्ती आणि कापडबाजार म्हणून. फाळणीनंतर ही मंडळी ज्या बराकींत प्रथम उतरली, त्या मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन कैद्यांच्या होत्या. 1940-41 च्या हिवाळ्यात उत्तर आफ्रिकेत इटलीचे सैनिक लाखाच्या वर शरण आले आणि त्यांतले पुष्कळ हिंदुस्थानच्या छावण्यांत येऊन पडले. बैरागढला त्यांनी कंटाळवाणी वर्षे काढली, पण युद्ध संपल्यावर बहुतेक जण घरी गेले.

जपानी सैनिकाला ही वाट बंद होती. जानेवारी 1941 मध्ये युद्धमंत्री तोजो यांच्या नावाने 'सेंजिनकुन' ही रणांगणावरची आचारसंहिता निघाली. जिवंत पकडले जाण्याची नामुष्की पत्करू नये, असे तीत बजावले होते. हरलेल्या सैनिकापुढे शरणागतीचा पर्यायच नसेल, तर त्याच्या मरणाचा उपयोग कसा करायचा एवढाच प्रश्न सेनापतींपुढे उरतो. आत्मघातकी विमानांचा विचार इथून सुरू करावा लागतो.

जून 1944 मध्ये मारियाना बेटांजवळच्या लढाईत जपानने दोन दिवसांत तीन विमानवाहू जहाजे आणि शेकडो विमाने गमावली. कसलेले वैमानिक संपत आले होते. नव्यांना शिकवायला इंधन नव्हते. हे अर्धवट शिकलेले तरुण नेहमीच्या पद्धतीने बॉम्ब टाकायला गेले, तर नेम लागण्याआधीच पाडले जात. ऑक्टोबरमध्ये फिलिपीन्समधल्या माबालाकात तळावर व्हाइस ॲडमिरल ओनिशी यांनी तोडगा मांडला : झीरो विमानाला 250 किलोचा बॉम्ब बांधायचा आणि विमानच जहाजावर घालायचे. 25 ऑक्टोबर 1944 रोजी लेफ्टनंट सेकी युकिओ यांच्या तुकडीने केलेल्या हल्ल्यात 'सेंट लो' हे अमेरिकेचे लहान विमानवाहू जहाज बुडाले. तो वेडाचा झटका नव्हता. वैमानिक तसाही परतणार नाही, मग जाताना जहाज तरी घेऊन जावा, असा तो कोरडा हिशेब होता.

हा हिशेब ज्या शब्दांत गुंडाळला गेला, त्यांच्याकडे साहित्याच्या वाचकाने जरा थांबून पाहावे. 13 व्या शतकात मंगोलांची आरमारे वादळात सापडली. त्या वाऱ्याला 'दैवी वारा' म्हणत. ती दोन अक्षरे 'कामिकाझे' अशीही वाचता येतात आणि भारदस्तपणे 'शिम्पू' अशीही. तुकड्यांचे अधिकृत नाव 'शिम्पू' होते. 'कामिकाझे' जगभर रूढ झाले ते पुढे. कागदोपत्री या प्रकाराला नुसते 'विशेष हल्ला' म्हणत. सरकारी भाषा कुठलीही असो, 'विशेष' हा शब्द आला की वाचकाने सावध व्हावे. पहिल्या चार तुकड्यांची नावे होती शिकिशिमा, यामातो, आसाही आणि यामाझाकुरा. चारही 18 व्या शतकातले पंडित मोतोओरी नोरिनागा यांच्या एका छोट्या कवितेतून उचललेली. सकाळच्या उन्हातल्या रानचेरीच्या फुलांवरची ही कविता, आणि तिच्यात मरणाचा उल्लेखदेखील नाही. पुढे 1,200 किलोचे स्फोटक भरलेला, माणसाने चालवायचा रॉकेट-बॉम्ब आला, त्याचे नाव 'ओका' म्हणजे चेरीचे फूल.

आपल्याकडे अशा वेळी बाजीप्रभूंची आठवण काढली जाते. मला ती तुलना पटत नाही. घोडखिंडीत मरण जवळजवळ ठरलेले होते, पण ते हुकुमात लिहिलेले नव्हते. खिंड लढवायची होती, कुणी वाचला असता तर आनंदच झाला असता. ओनिशींच्या योजनेत परतणे हेच अपयश.

स्वेच्छेचे काय? काही तळांवर कागद वाटत आणि 'तीव्र इच्छा', 'इच्छा' किंवा 'अनिच्छा' यांपैकी एक लिहून द्यायला सांगत. सहकाऱ्यांच्या देखत, नावानिशी दिलेल्या अशा उत्तराला किती स्वेच्छा म्हणावे? 1943 मध्ये विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची लष्करी सवलत काढून घेतली गेली, मात्र विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांची राहिली. त्यामुळे वैमानिकांत साहित्य, कायदा, अर्थशास्त्र शिकणारे पुष्कळ होते. केइओ विद्यापीठाचा उएहारा र्योजी 11 मे 1945 रोजी ओकिनावाच्या मोहिमेत गेला, वय 22. हुकूमशाही राष्ट्रे शेवटी हरतात आणि स्वातंत्र्याचा विजय होतो, असे त्याने आदल्या रात्री लिहून ठेवले होते. हे लिहिणारा मुलगा दुसऱ्या दिवशी विमानात बसला.

ओकिनावाच्या लढाईत अमेरिकेचे सुमारे 4,900 नौसैनिक मेले, त्यांत या विमानांचा वाटा मोठा होता. टोकियोने त्यावरून 'केत्सु-गो' ही मायभूमीच्या बचावाची योजना बेतली. अमेरिका 1 नोव्हेंबर 1945 रोजी क्युशू बेटावर उतरणार होती आणि कुठल्या किनाऱ्यांवर, हेही जपानी अधिकाऱ्यांनी बरोबर ओळखले होते. आता लक्ष्य बदलले : विमानवाहू जहाजांऐवजी सैनिकांनी भरलेली वाहतूक जहाजे. साधी शिकाऊ विमानेही चालणार होती, कारण अंतर थोडे आणि डोंगरांच्या आडून येणारे विमान रडारला उशिरा दिसते. दहा हजारांवर विमाने राखून ठेवली होती. जोडीला स्फोटके भरलेल्या होड्या, मानवी टॉर्पेडो, आणि जूनच्या कायद्याने 15 ते 60 वर्षांचे पुरुष व 17 ते 40 वर्षांच्या स्त्रिया. त्यांतल्या कित्येकांच्या हाती बांबूचे भाले. जिंकण्याची आशा कुणालाच नव्हती. इतके रक्त सांडायचे की शत्रूने तहाच्या अटी सैल कराव्यात, एवढाच हेतू.

हे सारे आपल्यापासून दूर घडत होते असे समजू नये. 26 जुलै 1945 रोजी हिंदी महासागरात, फुकेतजवळ, 'व्हेस्टल' या ब्रिटिश सुरुंगशोधक जहाजावर असेच विमान आदळले. जहाज इतके जळाले की ते आपल्याच लोकांना बुडवावे लागले. त्या किनाऱ्याच्या दक्षिणेला, मलायात, भारतीय फौज उतरवण्याची 'झिपर' मोहीम तयार होत होती. समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव ज्या ठिकाणी चाले, त्यांतले एक होते पुण्याजवळचे खडकवासला. तलावाकाठी त्यासाठी जहाजाचा एक सांगाडाच उभारला होता. आज तिथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. मोहिमेसाठी नेमलेल्या 23 व्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या, इंफाळच्या लढाईतून आलेल्या.

15 ऑगस्टला सम्राटांनी रेडिओवरून शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी ओनिशींनी, आपण धाडलेल्या वैमानिकांची क्षमा मागणारी चिठ्ठी ठेवून, पोट चिरून घेतले. 9 सप्टेंबरला 'झिपर'ची फौज ठरल्याप्रमाणे मलायाच्या मोरिब किनाऱ्यावर उतरली. वरवर घट्ट दिसणारी वाळू आतून चिखल निघाली आणि गाड्यांमागून गाड्या रुतून बसल्या. भरती येत होती. समोरून गोळी झाडणारे कुणी नव्हते, म्हणून त्या ओढून काढायला वेळ मिळाला.