साताऱ्याच्या राजवाड्यापासून मिरजेच्या दफ्तरापर्यंत

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी ते झिजले म्हणून. फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव साताऱ्यातलं कटगुण, आणि सावित्रीबाईंचं माहेर नायगावही त्याच जिल्ह्यातलं. ज्या मुलखातून ही दोन घराणी आली, त्या मुलखात अठराव्या शतकभर माणसं विकली आणि विकत घेतली जात होती. त्यांत बायका फार, आणि मालकांत खुद्द सरकार.

अमेरिकेचा हिशेब आता जगाला ठाऊक आहे. बारा राष्ट्राध्यक्षांनी आयुष्यात कधी ना कधी गुलाम बाळगले. १७९९ साली वॉशिंग्टन वारले तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांची मालकी भोगली. वॉशिंग्टनच्या घरून १७९६ साली पळालेली ओना जज तिथल्या शाळकरी मुलांनाही नावानिशी माहीत असते. आपल्याकडे असं नाव कुणाचं घ्यायचं?

एकच चटकन आठवतं, विरूबाईंचं. औरंगजेबाच्या छावणीत साताऱ्याचे पुढचे छत्रपती शाहू यांचं लग्न झालं, तेव्हा बादशहाने नवी सून पाहायला मागितली. राणीऐवजी नटवून पाठवली ती सोबत आलेली दासी विरूबाई, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. पुढे साताऱ्याच्या राजवाड्यात तिचा शब्द राण्यांपेक्षा वजनदार ठरला. १७४० साली ती वारली, आणि तिचे अंत्यसंस्कार अक्कलकोट घराण्याचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले यांनी केले. ही कथा आपण कौतुकाने सांगतो. मला मात्र तिच्यात एक गोष्ट सलते. शाहू स्वतः १६८९ पासून १७०७ पर्यंत मोगलांच्या कैदेत होते. परक्याच्या ताब्यातलं जिणं काय असतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? तरी त्यांच्या राज्यात बटकी आणि कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, ठेवण्याची रीत सुरूच राहिली.

ती अटळ होती असंही म्हणता येत नाही. थोरल्या महाराजांनी, शिवाजींनी, १६७७ साली कर्नाटकच्या स्वारीत डच व्यापाऱ्यांना कौल दिला, त्यात स्त्री-पुरुषांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री साफ मना केली होती. म्हणजे शाहूंच्या आधीच, याच राज्याच्या संस्थापकाला, ही गोष्ट थांबवता येते हे दिसलं होतं.

पेशवाईत उलट झालं. दुष्काळात आईबापांनी विकलेल्या मुली, स्वारीत धरून आणलेल्या बायका, वंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आलेल्या बायका, असे कुणबिणींचे अनेक उगम होते. सर्वांत वाईट उगम न्यायाचा होता: बदकर्माचा ठपका आलेली बाई सरकारात कुणबीण म्हणून जमा व्हायची. किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागांत, गुरांच्या थट्टीत तिच्याकडून राबवून घ्यायचं, किंवा तिला कुणा मर्जीतल्या माणसाला देऊन टाकायचं. सुटका व्हायची ती म्हातारपणी, किंवा नातलगांनी पैसे भरले अथवा बदली बाई दिली तर. बदली बाई देऊन सुटलेल्या बाईच्या मनात पुढे काय राहिलं असेल, याचा विचार माझ्याच्याने पुरता करवत नाही. जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी पेशवे दफ्तराच्या आधारे हा सगळा व्यवहार मांडून दाखवला. सुमित गुहा आणि उमा चक्रवर्ती यांनीही त्यावर लिहिलं. मराठीत मात्र त्याची चर्चा तुरळकच.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांत गुलामावरचा हक्क चालेनासा झाला. सातारा तेव्हा संस्थान होतं, सांगली-मिरज पटवर्धनांची. हा कायदा होता कंपनीच्या मुलखापुरता. गुलाम विकणं-घेणं फौजदारी गुन्हा ठरलं ते १८६० च्या दंडसंहितेने, तीही ब्रिटिश मुलखापुरतीच. सातारा त्याआधीच, १८४८ नंतर, खालसा झालेलं होतं. सांगली १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत संस्थानच राहिली.

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढले. लढाया आणि राजकारणासाठी आपण ते उलथेपालथे केले. आता कुणी तरुणाने याच खंडांतून आणि अजून न वाचलेल्या मोडी रुमालांतून कुणबिणींचे उल्लेख वेचून काढावेत: नाव, कुठून आली, कुणाला दिली, सुटली का.