वेग कोण ठरवतो?

संशोधनाचे काम सांभाळून आम्ही गेली काही वर्षे एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना 'संगणकांची जाळी' हा विषय शिकवतो. तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारतो. तुमच्या संगणकातून माहिती बाहेर पडते, ती किती वेगाने सोडायची हे कोण ठरवते? सात थरांची नावे वरून खाली आणि खालून वर धडाधड म्हणून दाखवणारी मुले येथे अडखळतात. कोणी म्हणते, इंटरनेट पुरवणारी कंपनी ठरवते. कोणी म्हणते, मध्ये राउटर असतो तो ठरवतो. एखादा धीट मुलगा 'सरकार' असेही सांगून पाहतो.

मुलांना हसण्याचा आम्हाला अधिकार नाही. टीसीपीच्या पॅकेटच्या माथ्यावर कोणती माहिती कितव्या बिटापासून सुरू होते, ती आकृती आम्हीही पाठ करून पूर्ण गुण मिळवले होते. तीत 'विंडो' नावाचा सोळा बिटांचा एक चौकोन असतो. समोरचा संगणक आणखी किती माहिती घेऊ शकतो, ते त्यात लिहिलेले असते. पण वाटेत गर्दी झाली तर काय, याचा उल्लेख त्या आकृतीत कोठेच नाही. का नाही, ते पुढे येईलच.

आधी थोडी उजळणी करू. समजा तुम्हाला एक लांबलचक मजकूर पोस्टकार्डांवरच लिहून पाठवायचा आहे. कार्डांवर तुम्ही १, २, ३ असे क्रमांक घालता. पोस्ट कसलीच हमी देत नाही. कार्डे मागेपुढे पोचतील, एखादे गहाळ होईल. इंटरनेटमधले आयपी हे असे पोस्ट आहे. टीसीपी ही दोन्ही टोकांच्या माणसांनी आपसांत ठरवलेली शिस्त. घेणाऱ्याने मिळालेल्या कार्डांची पोच द्यायची, आणि ठरावीक वेळात पोच आली नाही तर पाठवणाऱ्याने तेच कार्ड पुन्हा टाकायचे. मधला राउटर हा अगदी साधा प्राणी आहे. आलेले पॅकेट तो रांगेत ठेवतो, पाळी आली की पुढे ढकलतो आणि रांगेत जागा उरली नाही तर टाकून देतो. मध्य साधा ठेवावा आणि जबाबदारी टोकांवर टाकावी, हा विचार अमेरिकेतील एमआयटीच्या साल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ मध्ये एका निबंधात नेमकेपणाने मांडला.

या शिस्तीत एक खोट होती, ती ऑक्टोबर १९८६ मध्ये चांगलीच बाहेर आली. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांमधले अंतर अवघे चारशे यार्ड. त्यांच्यातील माहितीचा प्रवाह सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. एका अक्षराला आठ बिट धरले तर सेकंदाला चार हजार अक्षरांऐवजी पाच अक्षरे! चारशे यार्ड चालायला माणसाला पाचेक मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात ही संगणकांची जोडी दीड हजार अक्षरे पाठवू शकत होती, म्हणजे कागदाची जेमतेम एक बाजू. कागद हातात घेऊन चालत जाणे अधिक सोयीचे होते.

तार तुटली नव्हती, यंत्रे बंद पडली नव्हती. उलट सगळी यंत्रे जीव तोडून काम करत होती. झाले असे की रांगा लांबल्या, म्हणून पोच यायला उशीर होऊ लागला. पाठवणाऱ्याला वाटले पॅकेट हरवले, त्याने दुसरी प्रत सोडली. पहिली प्रत हरवलेली नव्हतीच, रांगेत उभी होती. आता रांगेत दोन प्रती झाल्या. रांग आणखी लांबली, पोच आणखी लांबली, तिसरी प्रत निघाली. प्रत्येक संगणक त्याला दिलेल्या नियमाप्रमाणेच वागत होता, आणि सगळे मिळून तार जुन्याच मजकुराच्या प्रतींनी भरून टाकत होते. असे होऊ शकते, असा इशारा जॉन नेगल यांनी १९८४ मध्येच दिला होता.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील मायकेल कॅरेल्स यांनी यावर काढलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व सातवीच्या मुलाला कळेल. प्रवाह स्थिर झाला की एक पॅकेट जाळ्यातून बाहेर पडल्याखेरीज नवे आत सोडायचे नाही. पण बाहेर पडल्याचे कळणार कसे? पोच आली की! वाटेत जी सर्वांत अरुंद जागा असेल तिच्या गतीनेच पॅकेटे पलीकडे पोचतात, आणि त्याच गतीने पोचा परत येतात. म्हणजे वेगळे घड्याळ नको. पोच हेच घड्याळ.

मग किती वेळ वाट पाहून पॅकेट हरवले असे समजायचे? पूर्वी आजवरच्या विलंबांची सरासरी काढून तिची दुप्पट धरत. गर्दी वाढली की सरासरी विलंब तर वाढतोच, पण त्यातला चढउतारही फार वाढतो, आणि मग दुप्पट पुरत नाही. जेकबसन यांनी सरासरीबरोबर हा चढउतारही मोजायला लावला. सरासरीभोवतीचा विस्तार कशाला शिकायचा, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला द्यायला हे चांगले उत्तर आहे.

आता वेगाचा प्रश्न. पोच न येता एका वेळी किती पॅकेटे वाटेत असू द्यायची, ही संख्या पाठवणारा संगणक स्वतःशी ठेवतो. ती तो कोणाला कळवत नाही, म्हणूनच माथ्यावरच्या आकृतीत ती नाही. पूर्वी समोरचा घेऊ शकेल तेवढे सगळे एकदम ओतले जाई. नव्या नियमात आरंभ एका पॅकेटाने. ते पोचले तर दोन, मग चार, मग आठ. (याला 'संथ आरंभ' असे नाव आहे, दहा फेऱ्यांत एकाचे १०२४ करणारा आरंभ संथ कसा, हे विचारू नये.) एका मर्यादेनंतर मात्र दर फेरीला एकच वाढवायचे. पॅकेट हरवले तर गर्दी झाली असे समजून वेग एकदम निम्म्यावर आणायचा. बारकावे बरेच आहेत, ते सोडून देतो.

वाढ बेरजेने आणि घट भागाकाराने, असे का? याचे उत्तर दा-मिंग चिऊ आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले राज जैन यांनी १९८९ मध्ये गणिताने दिले. फळ्यावर करून पाहावे असे ते आहे. एका तारेत ६४ पॅकेटे मावतात. एक संगणक ४८ वापरतो, दुसरा १६. तार भरली, दोघांनी निम्मे केले: २४ आणि ८. मग दोघेही एकेक वाढवत गेले. १६ फेऱ्यांनी ४० आणि २४ झाले, तार पुन्हा भरली. निम्मे: २० आणि १२. पुन्हा वाढ: ३६ आणि २८. त्यानंतर ३४ आणि ३०. फरक ३२ वरून १६, ८, ४ असा उतरतो. वाढीत फरक तसाच राहतो, घटीत निम्मा होतो. आता हेच गणित मुलांना घट वजाबाकीने ठेवून करायला सांगा. दोघांनी दर वेळी दहा-दहा सोडले तर फरक ३२ चा ३२ राहतो. दोन्ही संगणकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही, तरी वाटणी समान होत जाते.

हा नियम मोडला तर शिक्षा करणारे मात्र कोणी नाही. इंटरनेटच्या मानकाने १९८९ मध्ये तो टीसीपीला बंधनकारक केला खरा, पण राउटर पॅकेट टाकून देण्यापलीकडे सहसा काही करत नाही. वेग निम्मा न करणारा प्रोग्रॅम कोणीही लिहू शकतो. एकाच कामासाठी दहा जोडण्या उघडून दहा वाटे घेणारेही असतात. शिवाय बिनतारी जाळ्यात पॅकेट गर्दीमुळेच हरवते असे नाही, त्यामुळे वेग विनाकारण कमी होतो. म्हणून नियम बदलत आले. गूगलने २०१६ मध्ये मांडलेली बीबीआर ही पद्धत हरवलेल्या पॅकेटांवर विसंबत नाही, वाटेची रुंदी आणि विलंब मोजते. तिची पहिली आवृत्ती काही वाटांवर जुन्या पद्धतीच्या शेजाऱ्यांचा वाटा खाते, असे पुढे आढळले. २०२१ मध्ये मानक ठरलेला क्विक हा प्रोटोकॉल टीसीपी वापरत नाही, तरी गर्दी टाळण्याचे काम त्याने स्वतःकडे ठेवले आहे.

आमच्या वर्गात आता आम्ही आकृती नंतर काढतो. आधी एक अरुंद वाट सगळ्यांना मिळून देतो आणि पाठवण्याचा प्रोग्रॅम ज्याचा त्याला लिहायला सांगतो. दर वर्षी कोणीतरी मागे न हटणारा प्रोग्रॅम लिहितो आणि पहिल्या दिवशी सर्वांच्या पुढे असतो. दुसऱ्या दिवशी बाकीचे त्याची नक्कल करतात. तिसऱ्या दिवशी कोणाचीच फाइल पलीकडे पोचत नाही, आणि वर्ग आपणहून नियम ठरवायला बसतो.