विश्लेषण : गो-कार्टचे टायर निवडताना, बसवताना आणि घरात ठेवताना काय चुकते?

मॉलमध्ये दहा मिनिटे गो-कार्ट चालवली, मुलाला आवडली, मग प्रशिक्षण सुरू झाले आणि काही महिन्यांत घरात हेल्मेट, रेसिंग सूट आणि चार बारकी चाके येऊन पडली. नवी मुंबईतल्या पालकांची अडचण इथून सुरू होते. वडाळ्याच्या इंडिकार्टिंगने अनेक मुंबईकरांना भाड्याच्या कार्टची ओळख करून दिली. पण राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्यांसाठी कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक किंवा थेट बेंगळुरूचे मेको कार्टोपिया गाठावे लागते. म्हणजे टायर बहुतांश काळ ट्रॅकवर नसतोच. तो फ्लॅटच्या बाल्कनीत, माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत पडलेला असतो, आणि बऱ्याचदा तिथेच खराब होतो.

कार्टमध्ये टायरला एवढे महत्त्व का?

कारण कार्टला सस्पेन्शन नसते. स्प्रिंग नाही, शॉकअॅब्सॉर्बर नाही. झटका झेलायचे काम चेसिसचे पाइप आणि टायरची भिंत यांच्यावर असते. दुसरे म्हणजे मागचा अॅक्सल एकसंध दांडा असतो, डिफरन्शियल नसते. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर कापायचे असते, पण दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे वळताना आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलले जावे लागते. ते उचलले जाते ते बाकीच्या टायरनी रस्ता घट्ट धरल्यामुळे. पकड कमी पडली की पुढची चाके वळवूनही कार्ट सरळ घसरत जाते. पकड प्रमाणाबाहेर वाढली तर कार्ट वळणात अडखळते, इंजिन दमते.

कोणता टायर घ्यायचा?

आधी बाजूवरचा आकडा वाचायला शिका. पुढच्या टायरवर १०×४.५०-५ असे लिहिलेले असते. १० इंच बाहेरचा व्यास, साडेचार इंच रुंदी आणि ५ इंचाचा रिम. मागचा बहुधा ११×७.१०-५ असतो, म्हणजे बराच रुंद.

कोरड्या ट्रॅकसाठी नक्षी नसलेला स्लिक आणि पावसासाठी खाचा असलेला वेट, हे मुख्य दोन प्रकार. वेट टायरचे रबर फार मऊ असते. ट्रॅक सुकला तरी तोच टायर चालवत राहिले तर काही फेऱ्यांत त्याचे तुकडे सुटू लागतात. स्लिकमध्येही मऊ-कडक असे कंपाउंड असतात. रबराचा कडकपणा शोअर ए या मापात मोजतात. आकडा लहान तेवढे रबर मऊ.

स्पर्धेत उतरायचे असेल तर निवड तुमच्या हातात फारशी नसते. रोटॅक्स मॅक्स स्पर्धांमध्ये मोजो हा ब्रँड वर्षानुवर्षे ठरलेला आहे. ज्युनिअरसाठी डी२, सिनिअरसाठी डी५ आणि पावसात डब्ल्यू५ ही नावे पॅडॉकमध्ये कायम कानावर पडतात. कोणी ठरावीक सेटपेक्षा जास्त टायर वापरू नयेत म्हणून टायरवरचे बारकोड स्कॅन केले जातात. त्यामुळे आधी त्या वर्षीची नियमपुस्तिका, मग दुकान. सरावासाठी मात्र कडक कंपाउंड घ्यावा असे माझे मत आहे. पहिल्या वर्षी मुलाला हजारो रुपयांचा मऊ सेट झिजवायला देण्यात अर्थ नाही. त्याला अजून ब्रेक कुठे लावायचा हेच शिकायचे असते.

बसवताना धोका कुठे असतो?

हा भाग मी अनुभवावरून लिहितो आहे. इंजिनीअरिंगला असताना आमच्या टीमने कॉलेजच्या स्पर्धेसाठी कार्ट बनवली होती. टायर रिमवर नीट बसेना, म्हणून आम्ही चौघे तो घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलो आणि 'अजून हवा मारा' असे आम्हीच सांगत राहिलो. साबणपाणी लावलेले नव्हते. आकडा बघत कोणीच नव्हते. मोठा आवाज झाला, टायर रिमवरून उडाला आणि मित्राचा अंगठा फाटला. तीन टाके पडले. टायर छोटा आहे म्हणजे धोकाही छोटा, असे आम्ही धरून चाललो होतो.

टायरची आतली कडा, म्हणजे बीड, रिमच्या खोबणीत बसवणे हे खरे काम. स्कूटरच्या चाकासाठी असलेली मशीन ५ इंचाच्या रिमला उपयोगी पडत नाही. हे काम हाताने आणि गुडघ्याने होते. टायर आधी काही मिनिटे उन्हात ठेवून कोमट करा, म्हणजे रबर वाकते. बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण तपासा. दोन्ही बीडना साबणपाणी लावा. रिमच्या मधल्या खोलगट भागात एक कडा ढकलली की दुसरी बाजू सहज वर चढते. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा मोह आवरा, बीड कापला गेला की टायर गेला.

मग हवा. पंपाचा पाइप व्हॉल्व्हला अडकवून ठेवता येईल असा घ्या आणि चेहरा, हात बाजूला ठेवून थोडी थोडी हवा भरा. 'फट्' असा आवाज दोनदा आला की दोन्ही कडा बसल्या. बऱ्याचदा ३०-३५ पीएसआयच्या आसपास हे होते. नाही झाले तर हवा सोडा, पुन्हा साबणपाणी लावा, टायर थोडा फिरवा. बाजूवर छापलेली कमाल मर्यादा कोणत्याही कारणाने ओलांडू नका. बीड बसल्यावर हवा कमी करून रिमच्या बाहेरच्या बाजूचे बीड-स्क्रू घट्ट करा. वळणावर टायर रिमवरून निसटू नये म्हणून ते असतात.

भाड्याच्या आणि कॉलेजच्या कार्टमध्ये दोन अर्धे बोल्टने जोडलेले रिम असतात. हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या बोल्टना पाना लावायचा नाही. आत दाब असताना ते सैल केले तर रिमचा अर्धा भाग गोळीसारखा सुटतो.

हवा किती भरायची?

कारमध्ये ३०-३३ पीएसआय भरायची सवय असते. कार्टच्या स्लिकमध्ये साधारण ९ ते १२. इथे अर्ध्या पीएसआयनेही फरक पडतो, म्हणून ० ते ३० मोजणारा वेगळा गेज घ्या. पेट्रोल पंपावरच्या आकड्यावर विसंबू नका.

सकाळी २५ अंशांना १० पीएसआय भरलेला टायर शर्यतीत ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब १३ च्या जवळ जातो. बारावीच्या पुस्तकातल्या वायूच्या नियमाने हे गणित दोन ओळींत सुटते. फक्त गेजच्या आकड्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवायला विसरू नका. थंड हवेत थोडी जास्त हवा भरली तर टायर लवकर तापतो. कडक उन्हात ती कमी ठेवतात, नाहीतर मधला पट्टा फुगतो आणि तेवढाच झिजतो.

नवी मुंबईकरांसाठी आणखी एक गंमत आहे. आपण समुद्रसपाटीला राहतो. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून घरी तंतोतंत १० भरलेला टायर तापमान तेच असूनही कोल्हापूरला पोहोचल्यावर जवळपास ०.९ जास्त दाखवतो. गेज बिघडला असे समजून लोक तो आपटतात. घरी भरलेली हवा फक्त प्रवासापुरती समजा, खरी हवा ट्रॅकवरच, सावलीत आणि टायर थंड असताना ठरवायची.

आपल्याकडच्या दमट हवेचाही त्रास आहे. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते, ते टायरमध्ये गेले की तापल्यावर वाफ होते आणि दाब अंदाजापेक्षा जास्त चढतो. टाकीखालचा नळ उघडून पाणी काढणे हा फुकटचा उपाय आहे.

घरी कसे ठेवायचे?

रबराचे शत्रू चार : ऊन, उष्णता, ओझोन आणि पेट्रोल-तेलाची वाफ. बाल्कनीत पहिले दोन भेटतात. स्लॅबखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये भट्टी असते. उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून वाईट. ओझोन कुठून येतो, असे वाटेल. कार्बन ब्रश असलेल्या मोटारींच्या ठिणग्यांतून आणि वेल्डिंगच्या ज्योतीतून. आमच्या कॉलेजने टायरचा सेट वर्षभर वर्कशॉपमध्ये, वेल्डिंग मशीनशेजारी ठेवला होता. बाजूच्या भिंतींवर बारीक भेगा पडल्या होत्या, त्या आम्हाला स्पर्धेच्या सकाळी दिसल्या.

शर्यतीनंतर टायरला चिकटलेले खडे आणि रबराचे तुकडे काढा, ओल्या फडक्याने पुसा, सावलीत सुकवा. केरोसीन, पेट्रोल, टायर पॉलिश काहीही लावू नका. यात पैशांइतकाच नियमांचाही प्रश्न आहे. टायर मऊ करायला रसायने लावणे बंदीचे आहे आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत टायरमधून निघणारी वाफ यंत्राने तपासतात. चेनवर मारायच्या स्प्रेचे शिंतोडेही टायरवर येऊ देऊ नयेत. कपाटात ठेवणार असाल तर डांबराच्या गोळ्या आधी बाहेर काढा, त्यांचीही वाफच होते.

रिमवर बसवलेला टायर ठेवताना दाब ५-६ पीएसआयवर आणा. काळ्या जाड पिशवीत घालून आतली हवा शक्य तितकी दाबून काढा, तोंड टेपने बंद करा. मग आडवे एकावर एक ठेवले तरी चालतील. पलंगाखालची जागा यासाठी उत्तम, ती घरात सर्वात थंड असते. नुसता टायर असेल तर उभा ठेवा आणि महिन्याने थोडा फिरवा. रचून ठेवला तर खालचा चेपतो, खिळ्याला टांगला तर लंबगोल होतो. पिशवीवर मार्करने तारीख, पुढचा-मागचा, डावा-उजवा आणि किती वेळा ट्रॅकवर गेला हे लिहा.

जुना टायर कधी बाजूला काढायचा?

अनेक स्लिकवर झीज मोजायला छोटी भोके दिलेली असतात. ती दिसेनाशी झाली की प्रश्न संपतो. पण बरेच टायर झिजण्याआधीच मरतात. प्रत्येक वेळी तापून थंड होताना रबर थोडे कडक होते. वरून जाडी शाबूत दिसते, पृष्ठभाग मात्र काचेसारखा चमकतो आणि फेरीची वेळ वाढत जाते. म्हणून नव्या टायरच्या पहिल्या काही फेऱ्या सावकाश मारून तो पूर्ण थंड होऊ देतात. नख रुतवून पाहणे ही जुनी पद्धत, शोअर गेज असेल तर नवा असतानाचा आकडा पिशवीवरच लिहून ठेवा. बाजूला भेग दिसली तर मात्र मोजमाप करत बसू नका, तो टायर सरावालाही वापरायचा नाही. आम्ही तो भेगाळलेला सेट लावून उतरलो होतो, चौथ्या फेरीला मागचा डावा बसला आणि पुढचा दिवस आम्ही बाहेरून इतरांच्या कार्ट बघत काढला.