आईचा चेहरा आणि डाऊन सिंड्रोम असलेले मूल

मनुष्याच्या मुखावर उमटणाऱ्या भावांचा सूक्ष्म अभ्यास आपल्या देशात फार पूर्वी झालेला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात दृष्टीचे छत्तीस आणि भुवयांच्या हालचालींचे सात प्रकार सांगितले आहेत. अभिनवगुप्ताच्या टीकेसह ह्या ग्रंथाचा पहिला खंड १९२६ साली प्रसिद्ध झाला, तो आमच्या बडोद्याच्याच गायकवाड ग्रंथमालेत. भरतमुनींनी आठ स्थायीभाव मानले. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी जगभरच्या लोकांना छायाचित्रे दाखवून आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य हे सहा मूलभूत भाव ठरविले. गंमत अशी की हे सहाही भाव हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा आणि विस्मय ह्या नावांनी भरतांच्या आठांत अगोदरच बसलेले आहेत.

पंडितांची गोष्ट झाली. परंतु बडोद्याच्या वेशीबाहेरचे एके काळचे खेडे आणि आज शहरातच सामावलेले आमचे समा घ्या, अथवा दूरची एखादी वाडी घ्या. कोणत्याही घरातील तान्हे मूल हे शास्त्र ग्रंथावाचून, आईच्या मांडीवरच शिकते. वर्ष भरण्याच्या सुमारास त्याला एक विलक्षण विद्या अवगत होते. नवी वस्तू दिसली, दारात अनोळखी कुत्रे आले, की ते प्रथम आईच्या तोंडाकडे पाहते आणि मग पुढे जावे की मागे फिरावे हे ठरविते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात एक वर्षाच्या बाळांना काच बसविलेल्या टेबलावर ठेवले होते. काचेखाली पायरीसारखा खोलगटपणा दिसे, आणि पलीकडे आई उभी असे. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळे काचेवरून रांगत गेली. आईने भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही पुढे सरकले नाही. तिने तोंडातून शब्दही काढला नव्हता.

आता प्रश्न असा की, ज्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे, ते ही विद्या कशी शिकते?

ह्या अवस्थेचे प्रथम व्यवस्थित वर्णन इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन ह्यांनी १८६६ साली केले, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. कारण मात्र १९५९ साली पॅरिसमध्ये कळले. आपल्या शरीरातील पेशींत ४६ गुणसूत्रे असतात; ह्या मुलांत एकविसाव्या क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्तीचे, म्हणजे एकंदर ४७ असतात. त्या शोधाशी जेरोम लजून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पें ही तिघांची नावे निगडित आहेत. त्यांपैकी लजून हे श्रद्धावंत कॅथोलिक होते आणि २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना पूजनीय म्हणून घोषित केले. पेशींच्या नाजूक कामाचे मोठे श्रेय मात्र गोतिएबाईंचे आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. सुमारे ८०० ते १,००० जन्मांमागे असे एक मूल जन्मते. त्यात आईचा, बापाचा किंवा कोणाच्या पापाचा संबंध नाही; ग्रहणात भाजी चिरण्याचाही नाही. ‘मंदबुद्धी’, ‘वेडे’ हे जुने शब्द आता आपण घराबाहेर टाकावेत हे बरे.

ही मुले माणसांच्या तोंडाकडे पाहत नाहीत असे मुळीच नाही. उलट तान्हेपणी डोळ्याला डोळा देण्यास त्यांना थोडा उशीर लागला, तरी एकदा ती सवय जडली की ती बराच वेळ टक लावून पाहतात. आईला ह्यात केवढा आनंद! पण संशोधकांना येथेच एक बारीक फरक आढळला. खेळणे, मग आईचे मुख, पुन्हा खेळणे, अशी जी नजरेची ये-जा इतर बालके सहज करतात, ती ही मुले कमी करतात. मुखाकडे पाहिले की ती मुखातच रमतात. ‘आई ह्या वस्तूविषयी काय सांगते आहे?’ हा प्रश्न नजरेने विचारणे त्यांना जड जाते. १९९४ सालच्या एका अभ्यासात आईबापांनी भीतीचा आविर्भाव केला असता इतर बालके गंभीर झाली; डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांनी मात्र अधिक प्रसन्न मुद्रेने प्रतिसाद दिला.

पुढे थोड्या मोठ्या मुलांची परीक्षा घेण्यात आली. २००१ साली लॉस एंजेलिस येथील कॉनी कसारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ज्यांचे मानसिक वय तीन वर्षांचे आहे अशी ही मुले त्याच मानसिक वयाच्या इतर बालकांइतकेच भाव ओळखतात. परंतु मानसिक वय चारच्या घरात गेल्यावर इतर मुले पुढे जातात आणि ही मागे राहतात. २००५ साली एडिंबरा येथील जेनिफर विशार्ट ह्यांच्या मंडळींनी छायाचित्रे जुळवावयास दिली तेव्हा आनंद बहुधा नीट ओळखला गेला, अडखळण आली ती मुख्यत्वे भीतीपाशी. सर्वच संशोधकांना हा फरक सारख्या प्रमाणात आढळलेला नाही. तरीही हसरा चेहरा सोपा आणि भ्यालेला अवघड, हा अनुभव पुन्हा पुन्हा आला आहे.

असे का व्हावे? हसू बहुतांशी ओठांवर असते. ते दुरून दिसते आणि दुसऱ्या कशासारखे दिसत नाही. भीती असते डोळ्यांत: पापण्या वर, बुबुळे ताणलेली, भुवया उंचावलेल्या. आश्चर्यातही जवळजवळ तेच घडते. लहानग्यांची येथे गल्लत होते ती सर्वत्रच. त्यात ह्या मुलांच्या दृष्टीची भर पडते. त्यांपैकी पुष्कळांना चष्मा लागतो आणि बहुसंख्यांना जवळचे स्पष्ट दिसण्यात अडचण असते. ज्याला आईचा डोळाच धूसर दिसतो, त्याने तिचा धाक कोठून ओळखावा? कानांचेही तसेच, कानात पाणी साचून ऐकू कमी येण्याचे प्रमाण ह्या मुलांत बरेच आहे. म्हणून ‘त्याला समजत नाही’ असा निवाडा देण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा स्पष्ट समावेश आहे; अंगणवाडीत व सरकारी शाळेत येणाऱ्या त्या पथकाकडे मुलाचे नाव द्यावे आणि जिल्ह्याच्या केंद्रात विनामूल्य तपासणी मागावी.

आणखी एक गोष्ट शब्दांची. परीक्षेत मुलाला ‘ह्यातला घाबरलेला कोण?’ असे विचारले जाते. त्याला ‘घाबरलेला’ हा शब्दच ठाऊक नसेल तर दोष चेहरा वाचण्याचा की भाषेचा? २०१३ साली फ्रान्समधील पोशों आणि देक्लेर्क ह्या दोघांनी शब्द बाजूला ठेवून, नुसता भावपूर्ण आवाज ऐकवून त्याला साजेसा चेहरा निवडावयास सांगितले. काही वर्षे चाललेल्या ह्या अभ्यासात ही मुले आपल्या बौद्धिक पातळीच्या इतर मुलांपेक्षा मागे पडली नाहीत. आम्हाला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

घराघरांतून ह्या प्रकरणावरून होणारा अन्याय आता पाहा. मूल दिवा ओढते. आई काही न बोलता डोळे वटारते. आपल्या समाजात डोळे वटारणे ही एक संपूर्ण भाषाच आहे. चांगल्या वळणाचे मूल एका कटाक्षाने गप्प बसते अशी आपली समजूत. हे मूल मात्र आईच्या तोंडाकडे पाहून गोड हसते. आजी म्हणते, “निर्लज्ज झालाय, हसतोय बघ!” आणि पाठीत धपाटा बसतो. त्याने उर्मटपणा केलेलाच नसतो. त्याला मुख दिसले, मुखात आपली आई दिसली, म्हणून ते हसले. वटारलेल्या डोळ्यांचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नव्हता. धपाट्याने तो अर्थ त्याला कळत नाही. आई अकारण मारते एवढेच कळते.

‘ही लेकरे सदा आनंदी असतात’ ही दुसरी समजूतही तितकीच घातक आहे. ती रुसतात, चिडतात, मृत्यूने खचतात. आजोबा वारले तर त्यांना शेजारच्या घरी खेळावयास पाठवून देण्याची रीत दिसते. दुःख त्यांना कळत नाही असे आपण आपल्या सोयीने धरून चालतो.

उपाय साधे आहेत, चिकाटी मात्र हवी. डोळ्यांनी बोलू नये, तोंडाने बोलावे: “मला राग आला आहे. दिवा गरम आहे.” शब्द थोडे, आवाज भावाला साजेसा, आणि एका वेळी एकच भाव. रागावताना अर्धवट हसू नये. आपण मोठी माणसे हे फार करतो. आरशासमोर दोघांनी बसून तोंडे करावीत. घरच्या माणसांची छायाचित्रे दाखवून ‘मावशी रडते आहे, का बरे?’ असे विचारावे. देवळातील क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रे तर ह्या शिक्षणाचे आयते पुस्तक आहे. चौथ्या स्थानी माता पुत्राला भेटते, सहाव्या स्थानी वेरोनिका पुढे होते. मिस्सा सुटल्यावर देऊळ रिकामे असताना मुलाला हाताशी धरून एकेका मुखापाशी थांबावे. (जुन्या चित्रकारांनी संतांची मुखे इतकी शांत रंगविली आहेत की भीतीच्या धड्यासाठी ती निरुपयोगी आहेत, शिपायांची मुखे पाहावीत.)

विहीर, रस्ता, मारका बैल ह्यांच्या बाबतीत चेहऱ्यावर विसंबूच नये. तेथे ठरलेला एक शब्द आणि ठरलेली एक खूण असावी, घरातील सर्वांनी तीच वापरावी आणि प्रत्यक्ष त्या जागी नेऊन ती शंभर वेळा गिरवून घ्यावी. तसेच हसणारा प्रत्येक मनुष्य आपला नव्हे, हे ह्या मुलांना मुखावरून समजणे कठीण. म्हणून कोणाबरोबर जावे त्यांची नावेच पाठ करून द्यावीत. मुलींच्या मातांनी आणि मुलांच्याही मातांनी ह्याकडे विशेष लक्ष द्यावे.

कसारी ह्यांच्याच २००३ सालच्या आणखी एका अभ्यासाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. त्यात प्रयोग करणाऱ्या व्यक्तीने मुलांसमोर आपल्याला लागल्याचे सोंग केले. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांनी इतर मुलांपेक्षा तिच्या मुखाकडे अधिक वेळा पाहिले आणि तिचे सांत्वन अधिक केले. काल्पनिक गोष्ट सांगून ‘त्याला काय वाटले असेल?’ असे विचारले तेव्हा मात्र ती मागे पडली. कागदावरचे दुःख त्यांना ओळखता आले नाही. समोर बसलेल्या माणसाचे दुःख त्यांनी आपल्या परीने हलके केले.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेत ख्रिस्तसभेने स्पष्ट म्हटले आहे की, अपंगत्व असलेल्या व्यक्तींना संस्कार नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही ‘त्याला काय समजते?’ म्हणून पहिल्या ख्रिस्तप्रसादाची वेळ आईबापच पुढे ढकलतात, पुष्कळदा लोकलज्जेने. ह्या वर्षी वर्ग सुरू होण्यापूर्वी त्यांनी फादरांना व सिस्टरांना भेटून तीन गोष्टी सांगाव्यात: मुलाला चष्मा आहे की नाही, कोणत्या कानाने बरे ऐकू येते, आणि रागावायचे असल्यास डोळे न वटारता, जवळ बसवून, नाव घेऊन बोलावे लागते. आणि जागा मागावी ती पहिल्या बाकावरची, शिकविणाऱ्याचे तोंड नीट दिसेल अशी.