दान नव्हे, खरेदीखत

कावेरीच्या मुखाकडचा तंजावरचा पट्टा म्हणजे तमिळनाडूचं भाताचं कोठार. ते कोठार भरणाऱ्या मजुरांच्या नावावर मात्र वीतभर जमीन नसे. २५ डिसेंबर १९६८च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेणमणीत, मजुरीवाढ मागणाऱ्या दलितांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत आसरा घेतलेली ४४ माणसं जाळली गेली. त्यात बहुतेक बायका-मुलंच. पुढे उच्च न्यायालयात आरोपी जमीनदार सुटले.

या हत्याकांडाने हादरलेलं एस. जगन्नाथन आणि कृष्णम्माळ हे सर्वोदयी जोडपं या भागात कामाला आलं. कृष्णम्माळ स्वतः भूमिहीन दलित घरातल्या. दोघांनीही विनोबांच्या भूदानात वर्षानुवर्षं पायपीट केलेली. विनोबांनी १९५१मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत सुरू केलेली ती चळवळ जमीनदाराच्या सद्बुद्धीवर उभी होती. पण दानात आलेली पुष्कळ जमीन देशभर पडीक निघाली, नाहीतर वादात अडकली.

१९८१ साली या दोघांनी ‘लाफ्टी’ ही संस्था काढली, तेव्हा मागण्याऐवजी विकत घेण्याचा मार्ग धरला. जमीनमालक आणि भूमिहीन यांना समोरासमोर बसवायचं, रास्त भाव ठरवायचा, बँकेचं कर्ज काढायचं, खरेदीखत घरातल्या बाईच्या नावाने करायचं आणि एकमेकांच्या साथीने शेती करून पिकातून हप्ते फेडायचे. सांगायला सोपं, पण बँका भूमिहीनांना दारात उभं करीनात आणि मुद्रांक शुल्काचा बोजा वेगळाच. म्हणून वाटाघाटींच्या जोडीला उपोषणं आणि सत्याग्रहही चालूच राहिले. शेतीची कामं नसतात त्या महिन्यांसाठी चटया विणणं, शिवणकाम, सुतारकाम, गवंडीकाम शिकवलं गेलं.

२००७पर्यंत सुमारे १३ हजार कुटुंबांकडे सुमारे १३ हजार एकर जमीन आली. मधल्या काळात किनाऱ्यावर कोळंबीची तळी पसरली; खारं पाणी शेतात आणि विहिरींत उतरलं. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारपट्टीतली ही तळी मोडून टाकण्याचा आदेश दिला. २००८मध्ये दोघांना आणि लाफ्टीला ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला.

ही वाट संथ आहे. विकणारा तयार हवा, बँक राजी हवी. घराला एक एकर मिळून कुणी सावकार होत नाही. पण कर्ज फेडून घेतलेल्या जमिनीसाठी कुणाचे उपकार मानावे लागत नाहीत. आणि कणगीत चार महिन्यांचं भात असलं की पडेल मजुरीला नाही म्हणता येतं.